लाल रंगाखालची जीनत

रहिमतपुरात पन्नाशी ओलांडलेलं असं माणूस विरळाच, ज्याला रसूल मणेरांनी कधी ना कधी "हनुवटी जरा खाली, आता श्वास धरा" असं सांगितलं नसेल. तीन पायांवरच्या लाकडी कॅमेऱ्यामागं काळं फडकं डोक्यावर घेऊन ते उभे राहत आणि समोरचा माणूस आपोआप शहाण्यासारखा वागू लागे. वर्गातली पोरं, नवरानवरी, फौजेत निघालेले जवान, पाडायला काढलेली चावडी, नवी मंडई, सगळं त्या भिंगातून गेलं.

आता रसूलचाचांचं वय सत्त्याहत्तर. स्टुडिओच्या जागेत मुलगा शोएब झेरॉक्सचं दुकान चालवतो. मागची खोली मात्र चाचांनी कुणाला दिली नाही. तिथं पत्र्याच्या पेट्यांत गाव उभं-आडवं रचून ठेवलेलं आहे.

आणि एवढ्या सगळ्यात त्यांच्या बायकोचा, जीनतचा, एकही फोटो नाही.

त्याचं नवल गावाला कधी वाटलं नाही. चाचांचे वडील करड्या शिस्तीचे. पोटासाठी पोरगा तसबिरी काढतो हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं, पण घरातली बाई कॅमेऱ्यासमोर बसणार नाही, एवढी एक अट घातली होती. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा रसूलनं हळूच विचारलं होतं. जीनतनं दाराकडं, म्हणजे सासऱ्यांच्या खोकल्याकडं, एकदा पाहिलं आणि म्हणाली, "माझा नगं." त्यांनी ते शब्द जन्मभर पाळले. जन्म तिचाच लहान निघाला. एकोणनव्वद साली कावीळ झाली आणि चौथ्या आठवड्यात ती गेली. तेव्हा मतदानाच्या कार्डावर फोटो लावायची पद्धत घरापर्यंत आली नव्हती.

पहिली काही वर्षं चेहरा डोळ्यांसमोर होता. मग तो पुसट होऊ लागला. आवाज आठवे, भाकरी थापताना होणारा बांगड्यांचा ठेका आठवे. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता उजेड. दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरचा तीळ, देवीचे व्रण, वाकडा दात, सगळं त्यांच्या बोटांना पाठ होतं, कारण निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून ते झाकायचं कामच त्यांचं. आणि ही, जिच्यासोबत अठरा वर्षं काढली, तिचं नाक कसं होतं हे सांगता येईना. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

सयाजी हवालदार रोज चारच्या चहाला येई. दोघं एका वयाचे. सयाजीच्या घरी दर्शनी भिंतीवर त्याचा आणि रंगुबाईचा फोटो आहे, तो चाचांनीच केलेला. केलेला म्हणजे शब्दशः केलेला. लग्नानंतर आठव्या दिवशी सयाजी पलटणीत परतला. त्याच्या सासूला तर दोघांचा फोटो हवा होता. मग सयाजीनं पठाणकोटहून आपला एकट्याचा फोटो धाडला, रंगुबाई इथं स्टुडिओत खुर्चीशेजारी जागा सोडून उभी राहिली आणि रसूलनं दोन्ही कापून, जोडून, सांधा पेन्सिलीनं बुजवून जोडपं उभं केलं. फौजेतल्या घरांमधून असले जोडफोटो त्यांनी शेकड्यानं केले.

"साऱ्या तालुक्याची लग्नं लावलीस गड्या," सयाजी चहाची बशी फुंकत म्हणायचा, "आन् सोता कोराच राह्यलास."

चाचा हसत. सयाजी गेला की बराच वेळ बशी तशीच पडून राही.

यंदा होळीनंतर संयोगिता आली. सातारला कॉलेजात इतिहास शिकवते. गावच्या हंबीरराव मास्तरांची नात. वाचनालयानं गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं आणि ते काम तिच्याकडं होतं. खोलीत टेबल, दिवा आणि स्कॅनर मांडून ती रोज दुपारी बसू लागली. एकेक निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि विचारायची, "चाचा, हे कुठलं?" चाचा डोळे मिटून सांगत. "गुळाची अडत. त्या खांबाला टेकलाय तो तोलार. हलला न्हाई म्हणून आलाय बग. बाकी बाजार सगळा धूर झाला."

"धूर म्हणजे?"

"इमारतीचा फोटू सावकाश घ्यायचा असतो, बाळ. भिंगाचं झाकण काढायचं आन् तीन म्हणीपातूर मोजायचं. तेवढ्यात जे चालतं त्याचा धूर हुतो. जे थांबतं तेवढंच उमटतं."

चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं तीन निगेटिव्ह बाजूला काढल्या. तिन्हींवर करंगळीच्या नखाएवढे लाल डाग होते. "ही बुरशी आहे का हो? साफ करून घेऊ का?"

चाचांनी चष्मा लावला. मंडई. औंध रस्त्यावरचा पूल. दवाखाना. त्यांनी तिन्ही टेबलावर पालथ्या ठेवल्या.

"डाग न्हाईत त्ये. मीच लावलेला रंग हाय. नको असलेलं झाकायला लावायचो. रंगाखाली हाय ते छापात पांढरं येतं."

"काय नको होतं?"

"शोएबची आई," चाचा म्हणाले. चहा घेऊन दारात आलेली सून परवीन तिथंच थबकली.

त्या तिन्ही ठिकाणी जीनत होती. कामं नगरपालिकेची. साहेबाला इमारत मोकळी हवी असे, समोर माणूस नको. मंडईचा फोटो धुतला तर कडेला ती दिसली. भाजीला आली असेल. वडिलांच्या नजरेला पडण्याआधी रसूलनं ब्रश घेतला. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं. चेहरा कळतच नाही. फक्त उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं, आणि नीट न बघता झाकून टाकलं. दोन वर्षांत असं तीनदा झालं. तेव्हा वाटलं होतं, आपण तिची अब्रू राखतोय.

"हा रंग निघतो का?" संयोगितानं हळूच विचारलं.

"पाण्यानं निघतो," चाचा म्हणाले. ही गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. छत्तीस वर्षं ते त्या पेटीपासून चार हातांवर झोपत होते. पण 'माझा नगं' म्हणालेल्या बाईला, ती विचारायला उरलेली नसताना, उघडं करायचं? त्यांचा हात कधी धजला नव्हता. आता फोटो गावापुढं लागणार म्हणून नव्हे, पण दोन डोळ्यांतल्या एकाला मोतीबिंदू उतरला होता, आणि चेहऱ्याच्या जागचा उजेड दिवसेंदिवस वाढत चालला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडईची निगेटिव्ह घेतली. जुन्या सवयीनं, काल धुतलेली असावी तशी, सगळीच पाण्याच्या तबकात सोडली. पाणी गुलाबी झालं. लाल सुटला, आणि लालासोबत खालचा थरही सायीसारखा सुटून तरंगू लागला. पन्नास वर्षांची निगेटिव्ह. ती अशी बुडवायची नसते, हे शिकाऊ माणसालाही कळलं असतं. चाचांना कळेपर्यंत डागाच्या जागी नुसती काचेसारखी स्वच्छ फिल्म उरली होती. मंडई जाग्यावर होती. खांब, कौलं, भाज्यांच्या पाट्या. ती तेवढी गेली.

"राहू दे आता," ते म्हणाले. "तिनं सांगितलंच व्हतं. नको म्हणाली ती."

पुढचे आठ दिवस त्यांनी खोलीत पाऊल टाकलं नाही. शेवटी परवीन बोलली. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूला जाऊन दहा वर्षं झाली होती. तिच्या मुलीचं कपाळ बघून बायाबापड्या म्हणत, अगदी आजीवर गेलीय. परवीन मान डोलवी, आणि कुणावर गेलीय ते तिला कधी ठाऊक नसे.

"अब्बा, पाणी नको म्हणालं आसंल," ती म्हणाली. "सासूबाई न्हवं. कापसानं घ्या. मी धरते."

पुलाचा फोटो तिनं दोन्ही हातांनी काठाकाठानं धरला. उकळून गार केलेलं पाणी, काडीला गुंडाळलेला कापूस. चाचांनी श्वास धरला. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं, तो श्वास. एकदा टेकवायचं, उचलायचं, वाळू द्यायचं. पुन्हा टेकवायचं. दुपार उतरली तेव्हा शेवटचा लाल निघाला. संयोगितानं फिल्म स्कॅनरवर ठेवली आणि पडद्यावर चित्र मोठं करत गेली. पूल बाजूला सरकला, कठडा आला, आणि कठड्याच्या टोकाशी ती.

नाक थोडं बसकं होतं. होय की. बसकंच होतं. चाचांना एवढंच सुचलं. भुवया जवळजवळ, खालचा ओठ दातांत किंचित धरलेला. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"मी भाकरी इसरलो व्हतो," ते म्हणाले. "दीड कोस चालत आली. म्हटलं, जरा बाजूला हो. तीच आपली तिथं उभी राह्यली."

"साडी किती छान आहे," संयोगिता म्हणाली. "काठ बघा."

चाचांनी काठ पाहिला. रुंद, चौकड्यांचा. काहीतरी त्यांच्या मनाला टोचलं, पण काय ते उमगेना. त्यांना आता चेहरा मिळाला होता. तेवढ्यावर त्यांनी थांबायला हरकत नव्हती. पण उतावीळ झालेली परवीन तिसरी निगेटिव्ह घेऊन आलीच.

दवाखान्याच्या पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढं जीनत उभी होती. कडेवर वर्षाचा शोएब. पोर हललं होतं; डोक्याच्या जागी नुसता धूर. ती मात्र दगडासारखी स्थिर. पापणीसुद्धा हलली नव्हती. पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतलेला, नजर सरळ भिंगात. आणि साडी तीच. चौकड्यांच्या काठाची.

चाचा खुर्चीत मागं रेलले. ती साडी फक्त ईदेला निघायची. दवाखान्याचा फोटो काढला तो साधा मंगळवार होता. पुलाचा, कुठला तरी गुरुवार. ईदेची साडी नेसून कोण भाकरी पोचवायला दीड कोस चालतं? आणि पाण्याच्या तबकात विरघळलेली मंडईतली ती, तिनं काय नेसलं होतं, ते आता कधीच कळणार नव्हतं.

"जे थांबतं तेवढंच उमटतं," हे त्यांनी तिलाच पहिल्यांदा सांगितलं होतं. चुलीपुढं बसून. नव्या धंद्याच्या फुशारकीत.

आणि मग त्यांना ते आठवलं. दवाखान्याचा फोटो फ्रेम होऊन नगरपालिकेच्या दालनात लागला, तेव्हा ते तिला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले होते. ती बराच वेळ फोटोपुढं उभी राहिली. त्यांना वाटलं, नवऱ्याचं कौतुक करतेय. निघताना ती म्हणाली होती, "भिंत लय उजाळ आलीया."

ते हसले होते. "चुना ताजा हाय की." त्यानंतर कुठल्याच फोटोच्या वेळी ती तिकडं फिरकली नाही.

"अब्बा?" परवीननं खांद्यावर हात ठेवला.

"काई न्हाई. झाकण लाव पोरी पाण्यावर. धूळ बसंल."

दुकानातून शोएब आला. पडद्याकडं पाहत उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, हातात कुणाच्या तरी सातबाऱ्याची झेरॉक्स.

"ही अम्मी?"

"व्हय."

"आन् हा धूर?"

"तू. तवाबी जाग्यावर ठरत न्हवतास."

शोएब हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड दाराकडं फिरवलं.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लागलं. आदल्या दिवशी संयोगिता फोटोंखालच्या पाट्या घेऊन आली. चौकोनी पुठ्ठे, सगळ्यांवर एकाच पद्धतीचा मजकूर: इमारत, ठिकाण, साल. दवाखान्याचा पुठ्ठा तिनं चाचांपुढं धरला.

"चाचा, हा लावू ना? की पहिल्यासारखाच, रंगासकट असलेला स्कॅन लावू? तुम्ही म्हणाल तसं."

चाचांनी पुठ्ठा घेतला. 'नगरपालिका दवाखाना, रहिमतपूर, १९७६' असं छापलेलं होतं. त्यांनी तो पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर, निगेटिव्हवर चालवायचे त्याच बारीक पेन्सिलीनं, सावकाश लिहिलं. धूसर दिसत होतं, म्हणून अक्षर मोठं आलं.

सयाजी काठी टेकत वर आला तेव्हा दालनात गर्दी होती. प्रत्येक जण आपापलं घर, आपापला बाप शोधत होता. सयाजी दवाखान्यापुढं थांबला. फोटो पाहिला, पाटी वाचली, पुन्हा फोटो पाहिला.

"रसूल्या," तो हळू म्हणाला, "ही तर जोडलेली न्हाई रं."

"न्हाई," चाचा म्हणाले. "सोता आली व्हती."

पाटीवर लिहिलं होतं: जीनत मणेर. कडेवर शोएब. मागं दवाखान्याची भिंत.