मॅडमची भुतं

"मानत नाही. काढते फक्त," असं म्हणून मॅडम पेन्सिल कानामागे खोचायच्या. विषय अर्थातच भुतांचा.

आमच्या हिंजवडीच्या कंपनीत त्या टेस्टिंगला होत्या. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका त्या इतक्या आनंदाने शोधायच्या, की त्या समोरून आल्या की प्रोग्रॅमर वाट बदलत. पण स्वारगेटहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बघावं, तर बाई मांडीवर पॅड घेऊन चित्रकथा काढतायत. दुसरं महायुद्ध, ब्रह्मदेशचं जंगल, आपला हवालदार विक्राळ. आणि शत्रूच्या छावणीत एक मांत्रिक, जो मेलेले सैनिक मंत्राने उठवून पुन्हा लढायला पाठवतो.

"मॅडम, मेल्यावरही ड्यूटी?" मी विचारलं.

"मॅनेजरना दाखवू नका. कल्पना आवडेल त्यांना."

मांत्रिकाचा चेहरा कोणासारखा होता, ते तुम्ही ओळखलं असेलच.

अडचण घरी होती. मी एकदा बिबवेवाडीला त्यांच्याकडे चहाला गेलो. वडील बँकेतून निवृत्त झालेले, पक्के बौद्ध. घरात कधी अंगारा की ताईत शिरला नव्हता. मला म्हणाले, "अहो, सांगा हिला. आम्ही देव सोडले, आणि ही भुतं घेऊन आली!"

मी हसलो. तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या चित्राकडे गेली. उठलेल्या मुडद्यांमध्ये एक चेहरा भिंतीवरच्या फोटोतला होता. मॅडमचे आजोबा, त्याच लढाईतून परत न आलेले.

"माझ्या वडिलांना त्या मांत्रिकाचा गडी केलंस?" एवढंच म्हणून ते आत गेले. चहा तसाच राहिला.

पुढे बरेच दिवस बसमध्ये पॅड निघालं नाही. प्रोग्रॅमरांचे मात्र फार हाल झाले.

मग एका सकाळी मॅडम शेजारी येऊन बसल्या. "बाबांना विचारलं, मांत्रिकाने हाक मारली तर आजोबा काय करतील? म्हणाले, गावात त्यांना कोणी धड नावाने हाक मारली नाही. नुसतं 'ए' म्हणायचे. पहिल्यांदा पूर्ण नाव ऐकलं ते फौजेत. आता ते 'ए' म्हटल्यावर उठतील होय?"

शेवट बदलला. मांत्रिक ओरडतो, सगळे मुडदे उठतात. एकच आडवा राहतो. एक डोळा उघडून म्हणतो, "नीट नाव घेऊन बोलव." मांत्रिकाला नाव कुठे माहीत! मंत्र तिथेच फसतो, आणि हवालदार विक्राळला करायला फारसं काही उरत नाही.

पुस्तक आलं. मॅडम नोकरी सोडून हैदराबादला गेल्या, तिथल्या कार्टूनच्या स्टुडिओत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बिबवेवाडीच्या विहारात, पुस्तकाच्या वाचनाला. वाचत होते बाबाच. मांत्रिकाला त्यांनी असा नाकातला आवाज दिला, की बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. 'नीट नाव घेऊन बोलव' या ओळीशी मात्र बाबा थांबले. चष्मा काढून पुसू लागले.

तेव्हा शेवटच्या रांगेतून मॅडमनी आजोबांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत.