चौदावी आवृत्ती

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. कामातली चूक दिसली की ती गप्प बसायची नाही, म्हणून. दवाखान्यांत रुग्णांची नोंद ठेवणारं वेब ॲप्लिकेशन कंपनी विकायची, आणि त्याच्या तेरा वेगवेगळ्या आवृत्त्या गेली नऊ वर्षं ती एकटी सांभाळत होती. कुणाला बटण हिरवं हवं, कुणाला पत्त्याआधी वय हवं. विक्रीवाला ग्राहकापुढे मान डोलवायचा, "होऊन जाईल हो, किरकोळ काम!" मग मास्तरणीनं अख्ख्या ॲपची नवी नक्कल काढायची आणि ते किरकोळ काम त्यात घुसडायचं. "मूळ एकच ठेवू, ज्याचे त्याचे फरक सेटिंगमध्ये घालू, चार महिने द्या," असं तिनं मालकांना तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच: "बघू."

त्या मंगळवारी मुलांच्या दवाखान्यातून नर्सबाईंचा फोन आला. "ॲलर्जीची लाल चौकट कुठे गेली हो तुमची? मी इंजेक्शन देणारच होते. पोरीच्या आईनं हात धरला म्हणून वाचलं!"

मास्तरणीनं लगेच कोड उघडून पाहिला. डोळ्यांच्या एका दवाखान्याला ती चौकट नको होती, गर्दी वाटते म्हणे. तिथली एक दुरुस्ती इकडे आणताना चौकट लपवणारी ओळही सोबत आली होती. आणणारे हात तिचेच. तिनं माफी मागितली, चौकट परत आणली आणि उरलेल्या आवृत्त्या एकेक करून तपासल्या. आणखी एका दवाखान्यात तीच गत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मालकांच्या खोलीत विक्रीवाला आधीच बसला होता.

"सर्व्हरची अडचण होती म्हणून कळवा," मालक म्हणाले.

"सर्व्हरची नव्हती. चूक माझी होती. आणि तुमचीही."

"जरा हळू, ताई," विक्रीवाला म्हणाला. "आणि हो, चौदावा ग्राहक ठरलाय. किरकोळच बदल आहेत."

"तुम्ही करा."

"मला कुठे येतं ते?"

"मग शब्द कशाला देता? तुम्ही तोंड भरून हो म्हणायचं आणि मी निस्तरायचं! त्या पोरीचं काही बरंवाईट झालं असतं, तर तिच्या आईपुढे कोण उभं राहणार होतं? तुम्ही?"

तिनं तिथेच उभ्या उभ्या दोन्ही दवाखान्यांना खरं काय घडलं ते लिहून पाठवलं.

एक दवाखाना सोडून गेला. नर्सबाईंचा राहिला, पण प्रत्येक बदल आधी मी बघणार, अशी त्यांनी अट घातली. आठवडाभर मालक तिच्याशी बोलले नाहीत. मग सगळ्यांचं मूळ एक करायला चारच्या जागी दोन महिने दिले. तिला पाच लागले.

घरी नवरा म्हणायचा, "मिळालं ना मनासारखं? आता तरी शांत हो."

"पोरीचा जीव जायची वेळ आल्यावर मिळालं," ती म्हणायची. "कशी होऊ शांत?"

शेवटची नक्कल बंद झाली त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना जमवून कंपनीच्या दूरदृष्टीवर भाषण ठोकलं. विक्रीवाल्यानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मास्तरीण मध्येच उठली आणि जागेवर जाऊन कामाला लागली.