चार्जिंग स्टेशनवरचा निरोप

मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. भूत, नजर, उतारे असल्या विषयांवर वर्गात मुलांशी वाद घालणारी बाई मी... त्यामुळे हे इथे लिहिताना हात अडखळतोय. पण घडलं ते असं.

आम्ही निगडी प्राधिकरणात राहतो. माझे मिस्टर अविनाश चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी इलेक्ट्रिक कार घेतली आणि मला काळजीच लागली. पावसात चार्जिंगला लावली तर शॉक बसेल का? रोज शंभर टक्के करायची का? घाटात चार्ज संपला तर काय? अविनाश आधी समजावून सांगायचे, मग नुसतेच हसायचे.

गेल्या मार्चमध्ये फर्स्ट शिफ्टलाच त्यांना अटॅक आला. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

गाडी अडीच महिने पार्किंगमध्ये धूळ खात उभी. मी हातही लावला नाही. शेवटी विकायचं ठरवलं. चाकणचे एक गृहस्थ घ्यायला तयार झाले. रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी एकटीच गाडी घेऊन निघाले. मोशी मागे पडल्यावर लक्ष गेलं — बॅटरी चौदा टक्के. अशी रिकामी गाडी कोणाच्या हाती द्यायची, म्हणून हायवेवरच्या एका चार्जिंग स्टेशनवर वळवली. बाहेर कुठे चार्जिंग करायची माझी ती पहिलीच वेळ.

चार्जरची गन गाडीला लावली. मशीनवर एरर. पुन्हा लावली... पुन्हा एरर. चौथ्यांदा तर रडूच यायला लागलं. तेवढ्यात तिथले वॉचमन खुर्चीवरून उठून आले. पन्नाशीचे, बोलणं लातूरकडचं.

"ताई, गनला खालून हात द्या. केबलच्या वजनानं लोंबते, मग लॉक होत नाही. साहेब आत्ताच सांगून गेले."

"कोण साहेब?"

"तुमचे मिस्टर की. म्हनले, पांढरी गाडी घेऊन येतील, त्यांना जमायचं नाही, जरा बघा."

मी खालून हात दिला. मशीन सुरू झालं. माणसाची काहीतरी गल्लत होतेय असं वाटलं, तरी विचारलं, "अजून काय म्हणाले?"

"म्हनले, लई प्रश्न विचारतील. कंटाळू नका, सगळं नीट सांगा. मी एकदा कंटाळलो होतो, म्हनले."

मी तिथल्या कट्ट्यावर खाली बसले.

त्या मार्चच्या सकाळी अविनाश कंपनीच्या बसने गेले होते आणि मला गाडी धुवायला न्यायची होती. चार्जिंगच्या झाकणात पाणी गेलं तर चालतं का, एवढंच विचारायला मी फोन केला. "किती प्रश्न विचारतेस गं? कामात आहे मी," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आमचं शेवटचं बोलणं ते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं... मुलीलाही नाही.

मोबाइलमध्ये त्यांचा फोटो शोधला. हाताला लागला तो नातेवाइकांनी ग्रुपवर टाकलेला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेला. तोच दाखवला.

"हेच साहेब," वॉचमन म्हणाले. मग त्यांनी खालची अक्षरं वाचली, आणि टोपी काढली.

मी चाकणला फोन करून आज जमणार नाही म्हणून कळवलं. पुढे महिन्याभरात गाडी विकली, हेही खरं. मुलगी म्हणते, दुसऱ्याच कोणाचा नवरा असेल, फोटो ओळखताना माणूस चुकतो. असेलही. पण मग ते कंटाळल्याचं कुठून आलं? खूप डोकं चालवलं, मला तरी उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा.

त्या दिवशी स्टेशनवरून निघताना मी वॉचमनना एकच विचारलं.

"दमलेले दिसत होते का हो?"

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"नाही ताई. निवांत होते."