ह्यो बांद आपला हाय

नाना गेल्याचं कळलं ते सोसायटीच्या ग्रुपवर. जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. मी भाजी चिरत होते, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की सुटलो, यंदा कुंपणाला माती पडायची नाही. अकरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेला माणूस गेला आणि मला आठवली माती! मग मीही एक जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि भाजी फोडणीला घातली.

घणसोलीतली आमची रो-हाऊसं. मागे दोघांच्या दोन टीचभर बागा, मध्ये तारेचं कुंपण. तिकडे नाना आणि त्यांची बायको हिराबाई, मूळचे तळवलीचे, खाडीकाठची भातशेती नव्या शहराखाली गेलेले. इकडे आम्ही साताऱ्याकडचे, ह्यांच्या मार्केटातल्या नोकरीमुळे इथे आलेले. सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीचं होतं. हिराबाई सुकटीची चटणी द्यायच्या, मी घेवड्याची उसळ. मग मे महिन्यात आम्ही गावच्या जत्रेहून परतलो, तर तारेखाली गुडघ्याएवढा मातीचा वरंबा. निम्मा त्यांच्याकडे, निम्मा चक्क आमच्या बागेत! माझी मोगऱ्याची रोपं त्याखाली गाडलेली. मी तणतणत गेले. नाना शांतपणे म्हणाले, "बाय, ह्यो बांद आपला हाय. त्याला हात लावू नको."

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आपला म्हणे! मुंबईत इतकी वर्षं काढलेली मी. इथे 'आपला एरिया', 'आपली गाडी' म्हणणारा माणूस 'माझी' म्हणत असतो, एवढं मला कळत होतं. आणि बांध हा शब्द तर माझ्यापुढे कुणी काढूच नये. आमच्या आबांचा सख्ख्या भावाशी वीतभर बांधावरून दावा चालला होता. आबांच्या मयताला काका आले नाहीत... आमच्याकडे बांध एकतर कोरायचा, नाहीतर दुसऱ्यानं कोरू नये म्हणून राखायचा. तिसरा अर्थ मला ठाऊकच नव्हता.

मी फावडं घेतलं आणि सगळी माती त्यांच्या अंगणात भिरकावली. त्या पावसाळ्यात आमच्या बागेत घोटाभर पाणी साचलं, त्याचंही खापर नानांवरच फोडलं. पुढच्या मे महिन्यात पुन्हा वरंबा, पुन्हा माझं फावडं. असं तीन-चार वर्षं चाललं. शेवटी मी कमिटीकडे अर्ज केला. मुलाच्या वयाचा सेक्रेटरी खुर्चीत आणि सत्तरीचे नाना उभे. 'अतिक्रमण केले, पुन्हा करणार नाही' असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. त्यांनी सही केली आणि मी, लाज वाटते सांगायला, मी मनातून खूश होते. निघताना ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते... मी तोंड फिरवलं. एवढं होऊनही पुढच्या मे महिन्यात वरंबा होताच. म्हातारा कोडगा आहे, असं मी गल्लीभर सांगत सुटले.

नाना गेल्यावर पंधरा दिवसांनी, ह्यांनी फारच मागे लागून मला पाठवलं म्हणून, मी भेटायला गेले. हिराबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "नानांचं आणि माझं उगाच त्या बांधावरून बोलणं तुटलं."

"उगाच कशाला?" त्या म्हणाल्या. "आमच्या तळवलीला खाडीचं खारं पानी आडवायला बांद घालायचे. त्यो कुना येकाचा नसतो. फुटला का सगल्यांची शेतं खारी. म्हनून 'आपला' बोलायचं. तुमची जागा खोल हाय, आमच्याकडचं पानी तुमच्यात उतरतं. म्हनून ते माती टाकायचे. मी बोलले, नका टाकू, ती बाई शिव्या देते. तर बोलले, शिव्या दिल्या म्हनून पानी थांबतं काय?"

मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"सांगितलं ना. आपला हाय म्हनून सांगितलं. आनखी कसं सांगायचं?"

मला राग आला, आणि तो नानांचाही आला. एक वाक्य जास्त बोलला असता हा माणूस तर काय बिघडलं असतं? पण विचारलं तर मीही नव्हतं. आपला म्हणजे कुणाचा, एवढंच विचारायचं होतं. अकरा वर्षांत मला तेवढं जमलं नाही, आणि त्यांच्याकडून लिहून घ्यायला मात्र जमलं.

परसात गोणपाटाखाली ताज्या मातीचा ढीग होता. जायच्या आठवडाभर आधी नानांनी आणवलेला, या मे महिन्यासाठी. मी म्हटलं, "हिराबाई, यंदा मी टाकते."

"येकटीनं नाय व्हत ते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "येकानं टाकायची, दुसऱ्यानं पलीकडून चोपायची. दोगांचं काम हाय. ते येकटेच करायचे. तुमी जत्रेला गेलात का इकडून टाकायचे, मंग फाटकातून वळसा घालून तुमच्या बाजूला जायचे, चोपायचे, परत इकडं यायचे. त्या वयात."

मी पदर खोचला, घमेलं भरलं आणि तारेपाशी जाऊन उभी राहिले. हिराबाई पायरीवरून उठल्या. मग आत गेल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.