बाल्कनीतलं इंजिन

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात उभी असलेली मोपेड माझ्या सासूबाईंची, आणि ती भंगारात द्या, असं सगळ्यात आधी त्याच म्हणाल्या. वापरात नसलेल्या गाड्या हलवाव्यात, अशी सूचना सेक्रेटरींनी लिफ्टपाशी लावली होती. मी जेवताना ती वाचून दाखवली.

"मग देऊन टाक," आई म्हणाल्या. "मी काय आता तिच्यावरून ड्यूटीला जाणारे?"

नवराही हो म्हणाला. ती गाडी कुणीतरी टेम्पोत आडवी टाकून घेऊन जाईल, ही कल्पनाच मला मात्र सहन होईना.

मी लग्न होऊन अमरावतीहून विश्रांतवाडीत आले तेव्हा आई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पहाटेच्या ड्यूटीला त्या या मोपेडवरून निघत. स्टँडवर लावून दोन-चार पायडलं मारली की ती फटफट करून सुरू व्हायची आणि अंगणात निळसर धूर पसरायचा. त्या वासाने मला जाग यायची. आमचं तेव्हा फारसं जमत नव्हतं. मी आमच्या वऱ्हाडीत "स्वयंपाक करून राहिले" म्हणाले की त्या विचारत, "करून झाल्यावर कुठे राहिलीस?" मी खोलीत जाऊन रडायचे. पुण्यातलं बोलणं असंच असतं आणि त्यात राग असेलच असं नाही, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

मला नोकरी करायची होती, पण बसची धास्ती वाटायची. एका रविवारी सकाळी आईंनी साडी वर खोचली आणि म्हणाल्या, "स्टॉपवर उभी राहून म्हातारी होशील. चल." कॉलनीच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर त्यांनी मला मोपेडवर बसवलं आणि मागचं कॅरिअर धरून स्वतः पळत राहिल्या. त्यांनी ते कधी सोडलं ते मला कळलंच नाही. बऱ्याच पुढे गेल्यावर मागे वळून पाहिलं, आणि थेट वाळूच्या ढिगात शिरले. त्या धापा टाकत आल्या. लागलं का, असं काही विचारलं नाही. "वाळू मऊ असते. परत बस," एवढंच म्हणाल्या. माझी पहिली नोकरी मी त्या गाडीवर केली. पुढे माझी स्कूटर आली, मग कार आली. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सामानाबरोबर मोपेडही आली आणि पार्किंगमध्ये उभी राहिली ती तशीच.

"मी ती चालू करून बघते," असं मी दोन दिवसांनी जाहीर केलं. मला पंक्चरसुद्धा काढता येत नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून टू-स्ट्रोक इंजिन किती साधं असतं ते मला पटलं होतं. व्हॉल्व्ह नाहीत, की वेगळी ऑइलची टाकी नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. खोलायचं, साफ करायचं, जोडायचं.

नवऱ्याने आणि मी इंजिन खाली उतरवलं, घमेल्यात ठेवलं, वर जुनी चादर टाकली आणि लिफ्टने वर न्यायला निघालो. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका होते.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"इंजिन," मी म्हणाले.

काका तिसऱ्याच मजल्यावर उतरले.

बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून मी कामाला लागले. सिलिंडरचं हेड निघालं. खाली पिस्टनवर काळा, कडक थर बसलेला होता. जळलेल्या ऑइलचा कार्बन. सायलेन्सरकडे जाणारं भोक तर त्या कार्बनने निम्मं बुजलं होतं. सिलिंडर ओढून काढला तर आतून चांगला गुळगुळीत होता, पण पिस्टनभोवतीच्या दोन्ही रिंगा खाचेत पार चिकटून बसल्या होत्या. या रिंगा सिलिंडरला घट्ट टेकल्या नाहीत तर इंजिनात दाबच तयार होत नाही. बिचारी सुरू कशी होणार होती?

आई हॉलमधून बघत होत्या. थोड्या वेळाने खुर्ची ओढून दारात येऊन बसल्या. माझा मोबाईल समोर चालू होता.

"त्या व्हिडिओतल्या माणसाचे हात इतके स्वच्छ कसे?" त्यांनी विचारलं.

मी स्क्रूड्रायव्हरने पिस्टन खरवडत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. "आण ते इकडे. तू नुसती खरवडतेस. ओरखडे पडतील." मी पिस्टन सोडवून त्यांच्या हातात दिला. आइस्क्रीमची लाकडी काडी आणि जुना टूथब्रश घेऊन त्या कार्बन काढत बसल्या. जखम साफ करावी तसा त्यांचा हात चालत होता, न दुखवता, न थांबता. हात चालायला लागला तशा त्या बोलायलाही लागल्या. लेबर वॉर्डच्या गोष्टी, पुलावर पेट्रोल संपलं तेव्हा गाडी ढकलत ड्यूटीवर पोहोचल्याची गोष्ट. एकदा बाळंतपणासाठी आलेल्या बाईच्या आईला घरी निरोप द्यायचा होता, तर त्या तिलाच मागे बसवून येरवड्याला सोडून आल्या होत्या. इतक्या वर्षांत यातलं मी काहीच ऐकलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

चिकटलेल्या रिंगा कामाच्या राहिल्या नव्हत्या, म्हणून नव्या रिंगांसाठी गाड्यांचे सुटे भाग मिळतात त्या नाना पेठेत गेले. दुकानदाराने जुनी रिंग उलटसुलट करून पाहिली.

"बाई, गाडी चालवताय की पूजेला ठेवलीय?"

"रिंगा आहेत का?"

"मिस्टरांना पाठवा, त्यांना नीट सांगतो."

"मिस्टरांना काही कळत नाही. रिंगा आहेत का?"

तो आत गेला आणि धूळ भरलेली पुडी घेऊन आला.

त्यातली पहिली रिंग मी घरी आल्याआल्या मोडली. या पिस्टनच्या खाचेत एक बारीक खिळा असतो. रिंगेची दोन टोकं त्या खिळ्यापाशीच यायला हवीत. ते न बघता मी सिलिंडर खाली दाबला आणि कट्कन आवाज आला. मला इतकं वाईट वाटलं की मी हात धुऊन झोपायच्या खोलीत जाऊन पडले. पुन्हा त्या दुकानदाराचं तोंड बघावं लागणार होतं. आई दारात आल्या.

"काय झालं?"

"मोडली. मला नाही जमत, आई. देऊन टाकू."

"भंगारवाला रविवारी येतो," त्या म्हणाल्या. "तोवर दुसरी आण."

मी दुसरी पुडी आणली. या वेळी आईंनी दोन्ही हातांच्या बोटांनी रिंगा दाबून धरल्या, टोकं खिळ्यापाशी आहेत ना ते मी वाकून पाहिलं, आणि सिलिंडर हळूच खाली सरकवला. तो जराही न अडकता बसला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या गालावर काळा डाग होता. मी सांगितलं नाही.

इंजिन परत खाली नेऊन बसवलं, कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग घातला, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं. गाडी स्टँडवर लावून मी पायडल मारत राहिले. काहीच होईना. प्लग काढून पाहिला तर ठिणगीच नव्हती. मग ठिणगी पाडणारे आतले पॉइंट पॉलिशपेपरने घासले आणि पुन्हा पायडल. एकदा फट् असा आवाज आला. नंतर शांतता. मग फट्, फट्फट्, आणि एकदम ती सुरूच झाली. पार्किंगभर धूर झाला. निळसर धूर, तोच वास.

सेक्रेटरी खोकत खोकत आले. आई त्यांना म्हणाल्या, "अहो, ही आता वापरात आहे. लिहून घ्या."

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी गाडी स्टँडवरून उतरवली आणि त्या बसल्या. त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. मी "आई, नको!" म्हणत हँडल धरायला गेले, तोवर त्या निघाल्याही होत्या. पाय दोन्हीकडे लोंबकळत, पाठ ताठ. इमारतीला एक फेरी झाली. गेटपाशी त्या वळल्या आणि थांबतील असं वाटलं, पण थांबेनात. चपला जमिनीवर घासत, शेवटी पाण्याच्या टाकीच्या कठड्याला हात टेकून त्या थांबल्या. मी धावत गेले.

"ब्रेक लागत नाहीत," त्या म्हणाल्या.

ब्रेक मी बघितलेच नव्हते. सगळं लक्ष इंजिनावर. त्या मात्र हसायला लागल्या. मी त्यांना असं मोठ्याने हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघताना त्या फोनवर बोलत होत्या. पलीकडे त्यांची जुनी मैत्रीण होती, त्यांच्याच वॉर्डातली. मी चपला घालत दारातच थांबले.

"नाही गं, मेकॅनिक नाही. सुनेने केलं. सगळं खोलून, बाल्कनीत बसून," त्या सांगत होत्या. मग जरा थांबून, "हो ना. हुशार आहेच. ब्रेक विसरली तेवढं सोड."