तिरक्या अक्षरांतलं नाव

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असाल, तर माझं कौतुकच ऐकलं असेल. देवपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या त्या बाई, ज्यांनी जगाला ठाऊक नसलेला भुंगेरा शोधला! पेपरात फोटो आला होता. शाल आणि नारळही मिळाला.

पण आधी त्या भुंगेऱ्याबद्दल बोलू द्या. मी टाळते आहे, मला कळतंय. तरी बोलू द्या – कारण नऊ वर्षांनंतरही त्याची आठवण निघाली की माझे हात शिवशिवतात. बोटाच्या पेराहून जरासा मोठा, राखाडी, पाठीवर हळदीच्या शिंतोड्यांसारखे ठिपके. आणि मिशा! अंगाच्या दुप्पट लांब, मागे वळलेल्या. लांब मिशांचे भुंगेरे मी पुष्कळ पाहिले होते, त्यावर तर माझा अभ्यास. पण याच्या मिशांच्या तिसऱ्या पेरावर काळ्या केसांचा झुबका होता, असा की दाढीचा ब्रशच. चिमटीत धरला तर तो करकर ओरडला – मान छातीवर घासून हे भुंगेरे असा आवाज काढतात. मीही ओरडले. खरंच ओरडले, चारचौघांत.

कुठे ओरडले? तिथंच तर सगळं आहे. वामननानांच्या कामठ्यावर, म्हणजे त्यांच्या सुतारकामाच्या जागेवर, पांझरा नदीच्या पलीकडे अर्ध्या तासावरच्या एका गावात.

वामननाना सुतार. वखर, पांभर अशी शेतीची अवजारं आणि दाराच्या चौकटी करणारे. आमच्या नव्या घराची चौकट त्यांनीच केली, तेव्हापासूनची ओळख. त्यांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच सुताराकडे पाहिली नाही. ओंडका करवतीखाली घेण्याआधी ते त्याला कान लावायचे. पटाशीच्या मुठीनं दोनदा ठोकायचे, पुन्हा कान लावायचे. आत कोणी कुरतडत असेल, तर तो ओंडका बाजूला. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी बाजूला. कोपऱ्यात अशा ओंडक्यांची रास होती, प्रत्येकावर खडूनं रेघा – एक पावसाळा गेला की एक रेघ. गावातले लोक हसायचे. मीही हसले होते.

त्या दिवशी त्यांनी मला तंबाखूचा डबा दिला. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली, आत तीन भुंगेरे. म्हणाले, "बाई, हाऊ बठ्ठा लाकूडमा नही ऱ्हास. फक्त अंजनमा. दोन पावसाया आतमा काढस, मंग निंघस." माझं माहेर मेहरूणचं, अहिराणी मला अर्धी कळते. पण हे पूर्ण कळलं – हा सगळ्या लाकडांत राहत नाही, फक्त अंजनाच्या झाडात; दोन पावसाळे आत काढतो, मग निघतो! आम्ही जे शोधायला वर्षानुवर्षं धडपडतो – कुठलं झाड, अळी आत किती काळ राहते, बाहेर कधी येते – ते त्या माणसानं खडूच्या रेघांनी मांडून ठेवलं होतं.

पुढचे महिने मी जमिनीवर नव्हते. दुपारी तास संपले की सूक्ष्मदर्शकाशी. संग्रहालयांतून फोटो मागवले, जुनी वर्णनं वाचली, जवळच्या जातींशी केसन् केस ताडून पाहिला. नराचं जननांग सोडवून पाहिलं – दोन सारखे दिसणारे भुंगेरे वेगळे आहेत की नाहीत, ते पुष्कळदा तिथंच ठरतं. वेगळं होतं! अगदी वेगळं. मी प्रयोगशाळेतल्या शिपाई मावशींना मिठी मारली. त्यांना वाटलं, मला लॉटरी लागली.

त्याच आनंदात मी नानांकडे गेले आणि त्यांना शब्द दिला. कोणी मागितला होता का? कोणीच नाही. मीच म्हणाले, की नाना, नव्या जातीला नाव देण्याचा मान मला आहे, मी तुमचं देणार. वामनवरून 'वामनी'. जगात कुठेही, कधीही, या भुंगेऱ्याला तेच म्हणतील. नानांनी रंधा हातातून खाली ठेवला, टोपी काढून पुन्हा घातली. आठवडाभरात पूर्ण गावाला माहीत झालं होतं.

आणि मी नाव दिलं सरांचं.

बघा, लिहिलं. एका ओळीत मावलं की.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांनी मागितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. ते निवृत्त व्हायचे होते, आमच्या विषयात त्यांचा शब्द चालायचा, आणि मला पुढे जायचं होतं. एवढंच. लेख पाठवायच्या आदल्या दिवशी मी 'वामनी' खोडलं आणि त्यांचं आडनाव लॅटिन वळणानं लिहिलं. एकदा खोडायला बसल्यावर हात थांबला नाही. भुंगेऱ्याच्या टाचणीखाली एक चिठ्ठी असते – ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. तिथं मी माझं नाव घातलं. नानांच्या खडूच्या रेघा लेखात 'लेखिकेची निरीक्षणं' झाल्या. आणि शेवटी आभारात, बारीक अक्षरांत, 'स्थानिक रहिवासी'. त्यांत नाना आले, असं मी स्वतःला समजावलं. समजले का? छे!

पण हेही नाही. यासाठी मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं. श्रेय खाणारे आमच्याकडे ढिगानं सापडतील, मी त्यांतली एक. मी जे केलं ते त्यानंतर, लेख छापून आल्यावर.

छापलेला लेख हातात आला आणि मी – मी तो घेऊन नानांकडे गेले! पेढ्यांचा पुडा घेऊन. का गेले? खरं सांगायचं तर, मला त्यांचा आनंद बघायचा होता. माझा आनंद त्यांच्याशिवाय पुरा होत नव्हता. कामठ्यावर पाचसहा माणसं जमली होती, नाना मधे, अंगावरचा भुसा झटकून बसलेले. त्यांनी पानं उलटली. मराठी त्यांना वाचता यायचं, इंग्रजी नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं,

"बाई, मन्हं नाव कोठे शे?"

तेव्हा सांगता आलं असतं. पेढे होते, माणसं होती, नाना रागावणारे नव्हते. 'नाना, जमलं नाही' – तीन शब्द. मी पहिल्या पानावर वाकले आणि तिरक्या अक्षरांत छापलेल्या सरांच्या आडनावावर बोट ठेवलं.

म्हटलं, हे बघा, हे.

त्यांनी ते जवळ धरून पाहिलं. "इतलं लांब?" म्हणाले. मी म्हटलं, लॅटिनमध्ये लांब होतं. आवाज चाचरला नाही माझा. वर्गात शिकवावं तशी सांगत होते. नानांनी कानावरची लाल पेन्सिल काढली आणि त्या नावाखाली रेघ मारली – सुताराची रेघ, गुण्या लावून, सरळ. पुढच्या वेळी गेले तर ते पान काचेच्या चौकटीत भिंतीवर होतं. चौकट अंजनाची. येणाऱ्या प्रत्येकाला नाना ते दाखवत. मी असले की मला वाचायला लावत. आणि मी वाचायची! सरांचं आडनाव गिळून, 'वामनी' म्हणून, मोठ्यानं. नऊ वर्षांत किती वेळा वाचलं असेल?

नाव आता बदलता येत नाही. एकदा रीतसर छापलं की तेच राहतं, तसा आमच्या शास्त्राचा नियम आहे. माझी पुढे बढती झाली. विद्यार्थी मला विचारतात की नवी जात सापडल्यावर कसं वाटतं, आणि मी सांगते तेव्हा माझे डोळे चमकतात. खोटं नाही ते. तो आनंद खरा होता, अजून आहे. मला वाटायचं, निदान तो तरी नासेल. नाही नासला.

मागच्या महिन्यात नाना आजारी असल्याचं कळलं म्हणून गेले. खाटेवर होते, बोलणं कमी झालेलं. ठरवून गेले होते, आज सांगायचं. पूर्ण रस्ताभर घोकत होते. घरात त्यांची धाकटी मुलगी होती, शुभांगी. धुळ्यात दवाखान्यात नर्स आहे, वडिलांसाठी रजा घेऊन आली होती. मी आल्यावर नानांनी भिंतीकडे बोट केलं. मी चौकटीपुढे उभी राहिले आणि तोंड उघडलं. तेवढ्यात शुभांगी चहा घेऊन आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली,

"मॅडम, नेहमीसारखंच वाचा. मी अकरावीत असताना वाचलंय ते. नानांना सांगू नका."

अकरावीत. म्हणजे सात वर्षं ती मला दारात 'या मॅडम' म्हणत होती. सात वर्षं माझं वाचन ऐकत होती.

मी वाचलं. 'वामनी.' नाना हसले.

मला तेव्हा काय वाटलं, तेवढं राहिलं. लाज वाटली असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण मला सुटल्यासारखं वाटलं. सांगायचं नाही – तिनंच सांगितलं! अंगावरून ओझं उतरलं, एकदम हलकं वाटलं, आणि मी शुभांगीकडे कप पुढे करून आणखी अर्धा कप चहा मागितला.