हवालदारांच्या नावाची दोरी

वेग आणि मृत्यू ही सख्खी भावंडं आहेत, आणि त्या दोघांच्या मधून जो गाडी काढतो तोच वीर. हे वाक्य मी हवालदारांच्या शोकसभेत उच्चारलं तेव्हा टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या पडू नयेत, पण पडल्या. हवालदार स्वतः काविळीने गेले होते. घरी, खाटेवर, गावठी औषध घेत. त्यांच्या मोटारसायकलीला त्याआधी कित्येक आठवडे किक बसली नव्हती. वाक्य मात्र बरं जमलं होतं, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीला कॉलेजात शिकवत होतो. पलूसच्या बाजूला ऊस तुटून रान मोकळं झालं की जत्रेच्या निमित्ताने मोटारसायकलींच्या शर्यती लागत. चुन्याच्या फक्कीने आखलेलं लंबगोल रिंगण, गुडघाभर धूळ, आणि सगळी वळणं डावीकडची. हवालदार फौजेत मोटारसायकलवरून टपाल पोचवायचे. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि या रिंगणात उतरले. वळणावर डावा पाय जमिनीला घासत गाडी आडवी नेणं ही त्यांची खासियत. त्यासाठी बैलाच्या खुराला मारतात तसली लोखंडी पत्री त्यांनी लोहाराकडून डाव्या बुटाला ठोकून घेतली होती. पुढे कंबर गेली तेव्हा त्यांनी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधली चार पोरं धरली आणि त्यांचा संघ बांधला. मग इस्लामपूर असो की रहिमतपूर, रिंगणाच्या कडेला स्टुलावर बसून तोंडात शिट्टी धरलेले हवालदार दिसायचेच.

मी त्यांच्यावर सांगलीच्या एका साप्ताहिकात दोन रकाने लिहिले होते. त्यामुळे त्यांच्या गावाने मला परस्पर त्यांचा चरित्रकार करून टाकलं. शोकसभा झाली, आणि आषाढात निरोप आला की बेंदराला या, हवालदारांच्या नावानं कार्यक्रम हाय, मानाचं काम तुमच्याकडं हाय. मानाचं काम म्हणजे फोटोला हार घालणं, अशी माझी समजूत होती. तेवढं मला येत होतं.

बेंदूर हा आमच्याकडचा बैलांचा सण. त्या दिवशी वेशीत आडवी दोरी बांधतात, तिला पानं आणि नारळ लावतात. तिला कर म्हणतात. दुपारी मानकऱ्याचा बैल पळत येऊन ती तोडतो, की सण पार पडला. गावातल्या शर्यतीच्या शौकिनांनी ठरवलं होतं की यंदा कर हवालदारांची गाडी तोडणार. मानकरी म्हाताऱ्याने स्वतःचा मान एका वर्षापुरता सोडला होता. अशा गोष्टीसाठी त्या भागात डोकी फुटलेली आहेत, तेव्हा हा त्याग लहान नव्हता.

मी पोचलो तेव्हा गाडी देवळापुढे उभी होती. तिला अंघोळ घातलेली, हँडलला बेगड आणि गोंडे, सीटवर झूल, दिव्याला कुंकू. पुढे पुरणपोळीचा निवद. तो कुत्र्याने खाल्ला, तेव्हा गाडीनं घेतला असं सर्वांनी मानलं.

"बसा सर," पट्टशिष्य म्हणाला. हा चार पोरांतला थोरला, अंगाने पैलवान. त्याच्या डाव्या पायात हवालदारांचा तो बूट होता.

"कुठे बसू?"

"माझ्या मागं. फोटो धरून. हाच की मान."

मी सायकलवरसुद्धा उतारावर उतरून चालणारा माणूस. चक्कर येते, चष्मा आहे, मुलं लहान आहेत, असं एकेक सांगत मी वेशीपर्यंत गेलो आणि तिथे ती दोरी पाहिली.

दरवर्षी ही दोरी गवताची असते. बैलाने मान हलवली तरी तुटावी, हाच तिचा हेतू. यंदा हवालदारांच्या सन्मानार्थ तिच्या आत मोटेचा जुना नाडा वळला होता. ज्याने विहिरीतून पाण्याची मोट ओढतात, तो. एक टोक लिंबाच्या झाडाला, दुसरं वेशीच्या दगडी खांबाला. उंची बैलाच्या शिंगांची, म्हणजे गाडीवर बसलेल्या माणसाच्या गळ्याची.

"आजोबा, हे तुटणार कसं?" मी मानकऱ्याला विचारलं.

"हवालदाराच्या नावाची कर हाय. काय सुतळीची बांधू व्हय?"

"पण तोडणार कोण?"

"हवालदार."

"हवालदार वारलेत."

"म्हून तर तुमी हाय."

मी पट्टशिष्याकडे धावलो. तो म्हणाला, "काय काळजी करू नगा. दोरी आली की मी वाकतो."

"आणि मी?"

"तुमी कसं वाकणार? फोटो सरळ पायजे. हवालदार कवा कुणाफुडं वाकला न्हाई."

तेवढ्यात हवालदारांच्या घरून त्यांच्या पत्नी आल्या. पदराखालून त्यांनी फोटो काढला. फौजेच्या गणवेशातला, काचेच्या चौकटीत. "आवं सर, दोनी हातांनी धरा," त्या म्हणाल्या. "ह्यो एवढाच हाय. दुसरा काडलाच न्हाई त्यांनी." आणि त्यांनी तो माझ्या हातात दिला. आता मला नाही म्हणायला हातच उरले नाहीत.

हलगी सुरू झाली. मी झुलीवर बसलो. मांड्या इतक्या थरथरत होत्या की इंजिन सुरू झालं असं मला वाटलं. ते अजून व्हायचं होतं.

पट्टशिष्याने मागे वळून पाहिलं. "भ्यालाय न्हवं?"

"हो."

"लय बेस. हवालदार म्हणायचा, भिणारा गडी द्या मला. न भिणारा गाडी मोडतो."

"मग तू भ्यालास का?"

"मी कशाला भिऊ?" असं म्हणून त्याने किक मारली.

आधी देवळापुढच्या पटांगणाला एक फेरा, हवालदारांच्या पद्धतीने. वळणावर गाडी आडवी झाली, पत्री दगडावर घासून किरकिरली, चिखल माझ्या चष्म्यावर आला. धरायला हात नव्हते. मी गुडघ्यांनी त्या पैलवानाला असा आवळला की कुस्तीत त्याला कुणी आवळला नसेल. आयुष्यात वाचलेलं एकही वाक्य त्या वेळी माझ्या मदतीला आलं नाही. मरणाबद्दलची तर सगळी खोटी वाटली. एवढंच कळत होतं की मला जगायचं आहे, आणि काच फुटता कामा नये.

मग वेस समोर आली. लोक दोन्ही बाजूंनी ओरडत होते. नारळ मोठे होत गेले. पट्टशिष्य वाकला, आणि त्याची पाठ होती तिथे मला एकदम दोरी दिसली. मी डोळे मिटले आणि फोटो डोक्यावर उचलला.

नारळांच्या वजनाने दोरीला मधे झोळ आला होता, म्हणून ती गळ्याला न लागता छातीला लागली. गाडी माझ्याखालून निघून गेली. क्षणभर मी कशावरच नव्हतो. मग मी चिखलात बसलेला होतो, फोटो तसाच वर धरून.

मग मानकरी म्हातारा ओरडला, "सर पडलं रं! पर हवालदार न्हाई पडला!"

त्यावर जो जयघोष झाला तो माझ्या कुठल्याच भाषणाला मिळालेला नाही. पट्टशिष्य पार शाळेपर्यंत गेला होता. परत येऊन त्याने विचारलं, "सर कुठं ऱ्हायलं?" बाई पुढे आल्या, फोटो घेतला, पदराने काच पुसली, चारी कोपरे पाहिले. "लागलं का?" म्हणाल्या. मी नाही म्हणालो. त्यांनी फोटोलाच विचारलं असण्याची शक्यता आहे.

छातीवरचा वळ बरेच दिवस राहिला. दोरीला मात्र काही झालं नव्हतं. नंतर मानकऱ्याची बैलजोडी सोडली. ती दोरीपाशी आली, थांबली आणि पानं खाऊ लागली. अखेर संध्याकाळी मुक्कामाची एसटी वेशीबाहेर येऊन खोळंबली, तेव्हा कंडक्टरने खाली उतरून कुणाचा तरी कोयता मागून घेतला आणि कर तोडली.